अभ्यास लेकराचा, कागद आपला

मुलगा किंवा मुलगी बारावीला गेली, की घरातली मोठी माणसे गप्प होतात. "आपल्याला काय कळतं त्यातलं? आपण कुठं कॉलेजात गेलो?" असे म्हणतात. मग पोर एकटे पडते.

पण तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तुम्हाला नाव वाचता येते, तारीख वाचता येते. शिक्का कोणत्या कचेरीचा, तेही वाचता येते. बारावीच्या वर्षात घरच्यांनी करायचे जे मोठे काम आहे, त्याला एवढे वाचन पुरते. गणित आणि रसायन मुलाने करावे. कागद आपण करावा.

कागदाचे एवढे काय? समजा, एका मुलीला इंजिनिअर व्हायचे आहे. ती इतर मागासवर्गातली आहे. वर्षभर तिने अभ्यास केला. मार्क चांगले पडले. प्रवेशाची वेळ आली. तिथे विचारले, "जातीची पडताळणी कुठं आहे?" ती नव्हती. मग तिची गणती खुल्या गटात झाली. खुल्या गटाला तिचे मार्क थोडे कमी पडले. मुलीने आपले काम चोख केले होते. घरात फक्त एक कागद नव्हता.

एका शेतकऱ्याने आमच्या वर्गात विचारले, "गुरुजी, पोरीचा जातीचा दाखला तर आहे. पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलाय. आता आणि काय पाहिजे?"

"तो दाखला प्रांतसाहेबांच्या कचेरीचा. तो बरोबर आहे की नाही, हे जिल्ह्याची समिती तपासते. तपासून दुसरा कागद देते. त्याला जात वैधता प्रमाणपत्र म्हणतात. आपण त्यालाच पडताळणी म्हणतो. इंजिनिअरिंग, डॉक्टरी, औषधशास्त्र, शेतकी, अशा शिक्षणात राखीव जागा हवी असेल तर दोन्ही कागद लागतात."

"किती दिवस लागतात?"

"पुरावा नीट असला तर लवकर मिळतो. चूक निघाली तर महिने जातात. म्हणून अकरावीतच अर्ज करावा. राहिला असेल, तर बारावीचे कॉलेज उघडल्याबरोबर करावा. निकालाची वाट बघू नये."

काही वर्षी सरकारने हा कागद आणायला मुदत वाढवून दिली होती. पण दर वर्षी ती मिळेलच, असे धरून चालू नका.

या अर्जाला पुरावा लागतो तो जुना. इथेच घरच्या माणसाचे काम आहे. पोराला ते कुठून माहीत असणार? अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा पाहतात. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आदिवासींची समिती निराळी असते. त्यांच्यासाठी तारीख ६ सप्टेंबर १९५० ही आहे.

एवढ्या जुन्या काळचे काय सापडणार, असे वाटेल. पण सापडते. आजोबा शाळेत गेले होते का? दोनच यत्ता शिकले असले तरी चालेल. शाळेच्या जुन्या रजिस्टरात त्यांचे नाव असते, नावापुढे जात असते. त्याचा उतारा मागा. आजोबा शाळेत गेले नसतील तर चुलत आजोबा गेले असतील. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदीही पाहा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधी पडताळणी मिळाली असेल, चुलत्याला, आत्याला, तर त्याची प्रत मागून घ्या. तिचा फार उपयोग होतो. भाऊबंदकीत बोलणे बंद असेल, तरी या कामासाठी त्यांच्या दारी जावे. पोरीच्या जागेपुढे बांधाचे भांडण मोठे नाही.

राहिलेले दाखले त्या मानाने सोपे आहेत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा. अधिवासाचा दाखला, म्हणजे आपण या राज्यातले रहिवासी आहोत याचा. इतर मागासवर्ग आणि भटके-विमुक्त यांना नॉन-क्रिमिलेअर दाखलाही लागतो. त्यावरची तारीख वाचा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. मार्चमध्ये संपलेला दाखला जूनमध्ये चालत नाही. हे सगळे सेतू केंद्रात किंवा आपले सरकार केंद्रात मिळतात. अर्ज दिला की पोच मागा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला ठराविक दिवसांत द्यावाच लागतो. न दिला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. पोच नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार?

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रकावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, बँकेच्या पुस्तकावर तिसरे, असे आपल्याकडे फार आहे. सगळे कागद एका ओळीत मांडा. एक एक अक्षर बोटाने लावून बघा. बारावीच्या परीक्षेचा फॉर्म कॉलेजातून भरतात. तो भरताना नाव, आईचे नाव, जन्मतारीख ताडून बघा, असे पोराला बजावा.

आता घरातले. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तेव्हाच आपली सुगी. ज्वारी काढायची, हरभरा काढायचा, कांदा काढायचा. त्यात गावची जत्रा, लग्नसराई. हाताला माणूस मिळत नाही म्हणून पोराला रानात नेतात. मुलीची तर आणखी ओढाताण. पाणी तिने भरायचे, भाकरी तिने करायच्या, धाकट्याला तिने सांभाळायचे, आणि मग रात्री दिव्याखाली पुस्तक. मुलाला मात्र म्हणायचे, "बस बाबा, अभ्यास कर." हे बरे नाही. मुलीच्या वाटणीचे पाणी या वर्षी मुलाने नाहीतर बापाने आणावे.

मुले दुसऱ्या एका परीक्षेचे नाव घेतात. तिला सीईटी म्हणतात. इंजिनिअरिंग, औषधशास्त्र, शेतकी यांचे प्रवेश या परीक्षेवर होतात. डॉक्टरीची परीक्षा निराळी, तिला नीट म्हणतात. काही मुले सीईटीच्या नादात बोर्डाकडे पाठ फिरवतात. तसे करू देऊ नका. इंजिनिअरिंगला बारावीच्या ठराविक विषयांत ४५ टक्के मार्क लागतातच. मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात. ते नसले तर सीईटीत कितीही पडोत, उपयोग नाही.

पैशाची चिंता सगळ्यांना आहे. "एवढी फी आम्ही कुठून आणू?" असे म्हणून किती घरांत मुलीचे शिक्षण बारावीलाच थांबते आणि सोयरीक बघायला लागतात. त्या घरांनी हे नीट वाचावे. २०२४-२५ सालापासून सरकारने नियम केला आहे. घरचे वर्षाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, आणि मुलगी इतर मागासवर्गातली, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातली किंवा आर्थिक दुर्बल घटकातली असेल, तर व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी तिला पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींच्या योजना निराळ्या आहेत. पण प्रवेश सरकारच्या प्रवेशफेरीतून झालेला पाहिजे. व्यवस्थापनाच्या जागेला माफी नाही. अभिमत विद्यापीठालाही नाही. म्हणून कुणी एजंट आला आणि म्हणाला, "मामा, पैसे भरा, जागा मी देतो," तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

राहण्या-जेवणाचा खर्च या माफीत धरलेला नाही. त्यासाठी समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात वेळेवर अर्ज करावा. काही विद्यापीठांत कमवा व शिका योजना आहे. पुण्याच्या विद्यापीठात ती कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते. मूल दिवसाचे काही तास काम करते आणि त्याचा मोबदला घेते. शिष्यवृत्तीचे पैसे बँकेत येतात; खाते आधारला जोडलेले असावे.

निकाल साधारण मेमध्ये लागतो. एखाद्या विषयात पोर नापास झाले तर त्याला घालूनपाडून बोलू नका. त्या दिवशी त्याला एकटे सोडू नका. पावसाळ्याच्या तोंडाला पुरवणी परीक्षा असते. राहिलेल्या विषयाचाच पेपर द्यायचा असतो.

मग प्रवेशाला जायचे. सगळे मूळ कागद एका पिशवीत घाला. झेरॉक्स प्रती दुसऱ्या पिशवीत. एसटीत मूळ कागदांची पिशवी वर फळीवर ठेवू नका, मांडीवर ठेवा. कॉलेजाने मूळ कागद ठेवून घेतले तर कोणते घेतले, ते लिहून शिक्क्यासह पोच घ्या. पोच तिथेच उभे राहून वाचा आणि मग परतीची गाडी धरा.