हप्त्याबरोबर झोपेचंही विचारा

सख्यांनो, आपल्या बैठकीत हजेरी होते, बचत गोळा होते, हप्त्याची नोंद होते. आता आणखी एक गोष्ट एकमेकींना विचारायची आहे : रात्री झोप लागते का?

कारण सांगते. श्रीरामपूर भागात पाटपाण्यावर ऊस तग धरतो, पण सोयाबीन आणि कांदा आभाळाच्या मर्जीवर. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरते. म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा जास्त जोरानं कोसळतो. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या मराठवाड्यात उभी पिकं पाण्यात गेली. तलाठी भाऊसाहेब पंचनामा करतात तो पिकाचा. घरातल्या माणसांचं काय झालं, ते त्यात कुठं लिहायचं?

मनाचा ताण आपल्याकडं बहुतेक वेळा अंगावर निघतो. डोकं जड होतं, छातीत धडधडतं, घास उतरत नाही, पोरांवर उगाच हात उठतो. पुरुष गप्प होतात, नाहीतर पिणं वाढतं. आपण म्हणतो, नजर लागली. देवाला जा, नको कोण म्हणतं? पण हे दोन आठवडे रोज चाललं तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर उपचार आहेत.

हप्ता थकला की आपण चारचौघींत विचारतो, दंड लावतो. नियम नियमाच्या जागी. पण नेहमी वेळेवर भरणारी एकदम चुकली, बैठकीला येईना, तर दंड लिहिण्याआधी एकीनं तिच्या घरी जाऊन यावं, वही न घेता. “सगळ्यांचंच गेलंय” असं तिथं म्हणू नका. तिला बोलू द्या. “जगून काय करू” असं निघालं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, “जीव द्यायचं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बाई मोकळी होते. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. फवारणीचं औषध त्याच दिवशी कुलपात ठेवा, किल्ली शेजारी द्या. (तसं ते औषध कुणाच्याच घरात पलंगाखाली नसावं.)

टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. आशाताईही मदत करतील. कुणी औषध घेतलंच तर लगेच 108 ला फोन करा. पोलीस केसच्या भीतीनं उशीर करू नका. मानसिक आरोग्य कायदा 2017 प्रमाणे असा माणूस ताणाखाली होता असं धरतात, त्याला शिक्षा करत नाहीत.

हे दोन्ही नंबर हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.