नळी भरण्याआधी

पोरी, पोलरिमीटरचा हिशेब पाच मिनिटांत येतो. हात बसायला वेळ लागतो. बाळंतशेपाच्या तेलात असतो तो उजवा कार्व्होन. शुद्ध असेल तर त्याचं स्पेसिफिक रोटेशन साधारण +६१. तुझ्या मिश्रणाचं +३६.६ आलं, तर भागाकार ६० टक्के. पण म्हणून उजवा ६० आणि डावा ४० असं लिहू नकोस. ६० हा उजव्याचा नुसता वरचढपणा. उरलेले ४० निम्मे-निम्मे, एकमेकांचं वलन खोडणारे. प्रमाण ८०:२०. बहुतेक मुलं इथेच घसरतात.

बुडबुडा राहिला तर नळीच्या फुगीर भागात सरकव, प्रकाशाच्या वाटेत नको. झाकण करकचून आवळू नकोस. ताण आलेली काच स्वतःच रिडिंग बिघडवते. शून्य घ्यायचं ते त्याच नळीत, त्याच द्रावकाने.

नमुन्यात इथाइल ॲसिटेट उरलं असेल तर वजन खोटं, आकडा कमी, आणि तुला वाटेल मिश्रण रेसिमिककडे झुकलंय. उलट, जोरदार वलनाचा चिरल अभिकारक चिमूटभर राहिला तरी आकडा हवा तिकडे ओढला जातो. आधी एनएमआर बघ.

+१० दिसलं, तर ते −१७० नाही कशावरून? यंत्राला दोन्ही सारखेच. द्रावण दुप्पट पातळ कर. +५ यायलाच हवं. −८५ दिसलं तर पहिला आकडा सोडून दे.

सगळ्यात मनावर घ्यायची गोष्ट पुढेच आहे. वलन प्रमाणाच्या सरळ रेषेत बदलतं, हे आपण गृहीत धरतो. फ्रान्सच्या आलँ ओरो यांनी १९६९ मध्ये दाखवलं की एका एथिल-मेथिल सक्सिनिक आम्लाचं क्लोरोफॉर्ममधलं वलन त्या रेषेवर राहत नाही. आम्लाचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. उजवा-उजवा जोडी वेगळी वागते, उजवा-डावा वेगळी. ध्रुवीय द्रावकात या जोड्या सुटतात आणि रेषा सरळ होते. म्हणून आम्ल, अल्कोहोल, अमाइड हाती आलं की सावध राहा. दोन्ही शुद्ध रूपं मिळत असतील तर स्वतः वजन करून ८०:२० मिसळ, वाच, आणि मगच अनोळखी नमुना लाव. शंका उरली तर चिरल कॉलमवर एचपीएलसी कर. तिथे रेषेचा प्रश्नच येत नाही.

वहीत तापमान, द्रावक, संहती, नळीची लांबी आणि ५८९ नॅनोमीटर ही तरंगलांबी लिही. यातलं काही सुटलं तर ते रिडिंग पुन्हा घे.