प्रोस्टेटचा कॅन्सर आणि पेशींचे मरण

हिवाळा सरता सागाची पाने गळतात. ती कोणी तोडत नाही. झाडाचाच तो नेम असतो. आपल्या शरीरातील जुनी किंवा बिघडलेली पेशीही अशीच आपणहून मरते. १९७२ साली केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनी या मरणाला ‘अपोप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच पानगळ!

पेशीने केव्हा मरावे हे तिच्यातील काही जनुके ठरवितात. पी-५३ हे जनुक बिघडलेल्या पेशीला मरण्याचा हुकूम देते. बीसीएल-२ हे जनुक मरण अडवून धरते. दोहोंचा तोल गेला की मरायची पेशी जगते, वाढते, आणि कॅन्सरला वाट मिळते. हा बिघाड बहुधा वयोमानाने होतो. तो संसर्गाने होत नाही. मात्र बापाला किंवा भावाला हा रोग झाला असेल तर धोका अधिक असतो.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची लहानशी ग्रंथी. गोऱ्हा खच्ची केला की त्याची अंगलट बदलते, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. वृषणांतून येणारा अंतःस्राव थांबल्याचा तो परिणाम. प्रोस्टेटच्या पेशीही याच स्रावावर जगतात. १९४१ साली डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी दाखविले की तो थांबविला की हा कॅन्सर आक्रसतो. त्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पसरलेल्या रोगावर आजही शस्त्रक्रियेने किंवा इंजेक्शनांनी हाच उपाय करतात. पण काही पेशी स्रावाविनाही तग धरतात. अशा पेशींत बीसीएल-२ पुष्कळदा वाढलेले आढळते. तणनाशकाला न जुमानणारे तण मागे उरून शेतभर माजावे, तसेच हे. म्हणून रोग ग्रंथीतच असताना सापडणे महत्त्वाचे.

रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, धार बारीक होणे, हे बहुधा ग्रंथीच्या साध्या वाढीने होते. तरी तपासणी करावी. लघवीत रक्त, लघवी अडणे, कंबरेच्या हाडांत न थांबणारे दुखणे असल्यास मुळीच थांबू नये. आरंभी या रोगाची तक्रार नसतेही; म्हणून पन्नाशीनंतर, आणि घरात रोग असेल तर त्याआधीच, पीएसए या रक्ततपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. पीएसए वाढले म्हणजे कॅन्सरच असे नव्हे. खात्री तुकडा काढून तपासल्यावरच होते. सिल्वासाचे सिव्हिल हॉस्पिटल जवळ आहे. पुढील उपचारांसाठी मुंबईत परळला टाटा हॉस्पिटल आहे. लाजेपायी दुखणे लपवू नये.