गाडीतून जळका वास: दुखणं कुठलं, खर्च किती

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पसरणी घाटात किंवा कसाऱ्याच्या चढावर गाड्यांची रांग लागली की काच खाली करताच एक उग्र, करपट वास नाकात जातो. हा वास बहुतेक वेळा क्लचचा असतो. गाडी मागे घसरू नये म्हणून चालक ती हाफ क्लचवर धरून ठेवतो, क्लच प्लेट घासत राहते आणि तिच्यावरचं अस्तर करपतं. गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. वास गेला आणि गाडी पूर्वीसारखीच ओढत असेल, तर क्लच बदलायची गरज नाही. चढावर थांबताना गाडी हॅण्डब्रेकवर धरायची सवय लावली तरी पुरे. गॅरेजात मात्र ‘जळका वास येतोय’ एवढंच सांगून गाडी सोडू नका. वास चढावर आला की उतारावर, एसी चालू असताना की गाडी थांबल्यावर, हेही सांगा. त्यामुळे मेकॅनिकचे दोन तास आणि तुमचे काही हजार वाचू शकतात.

क्लच खरंच संपलाय का, हे घरच्या घरी कळतं. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाला गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि ॲक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचा आवाज चढला, आरपीएमचा काटा उडाला, पण वेग वाढत नसेल तर प्लेट घसरते आहे. मग खर्च टळत नाही. छोट्या पेट्रोल गाडीत प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा सेट मजुरीसह साधारण ६ ते १० हजारांत बसतो. डिझेल एसयूव्हीला १५ ते २५ हजार लागतात, आणि ड्युअल मास फ्लायव्हीलही गेलं असेल तर आकडा ५० हजारांच्या आसपास जाऊ शकतो. हे सगळे आकडे अंदाजाचे आहेत. गाव, गाडी आणि अधिकृत वर्कशॉप की बाहेरचं गॅरेज, यावर ते बदलतात. पैसे वाचवायला नुसती प्लेट टाकून जुनं बेअरिंग ठेवणं मला पटत नाही. पुढे बेअरिंग गेलं की गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा द्यावी लागते.

उतारावर येणारा वास ब्रेकचा. यात हयगय नको. ब्रेक पॅडल मऊ लागू लागलं किंवा नेहमीपेक्षा खोल जाऊ लागलं, तर लगेच गिअर उतरवा, हॅण्डब्रेक हळूहळू ओढा आणि सुरक्षित जागी थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. सपाटीवर, फारसा ब्रेक न लावताही वास येत असेल तर थांबून प्रत्येक चाकाजवळ हात न्या, पण लावू नका. एकच चाक भट्टीसारखं तापलेलं असेल तर कॅलिपर अडकलंय. मागची दोन्ही तापली असतील तर हॅण्डब्रेक थोडा ओढलेला राहिला असण्याची शक्यता मोठी, आणि त्याला खर्च शून्य. कॅलिपर उघडून साफसफाई व ग्रीसिंग ५०० ते १२०० रुपयांत होतं. पुढच्या ब्रेक पॅडचा जोड छोट्या गाडीला मजुरीसह दीड ते तीन हजारांपर्यंत.

तेल जळल्यासारखा वास, तोही गाडी थांबवल्यावर जास्त, म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळून ऑइल गरम मॅनिफोल्डवर पडत असावं. पॅकिंग बदलायला हजार ते अडीच हजार लागतात. ऑइलची पातळी रोज पाहा, पण दुरुस्ती महिनोन् महिने लांबवू नका, कारण जास्त गळालं तर पेट घेऊ शकतं. गोडसर वास कूलंटचा. टेम्परेचरचा काटा चढला की थांबा आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. फुटलेला होज हजारभरात बदलून मिळतो. तसंच गाडी दामटली आणि हेड गॅस्केट गेलं, तर १५-२० हजारांची सोय करावी लागते. किंचाळणाऱ्या आवाजासह रबराचा वास आला तर फॅन बेल्ट पाहा, हजार-दोन हजारांचं काम.

बीएस-६ डिझेल गाडीत मध्येच गरम, धातूसारखा वास आणि वाढलेला आयडलिंगचा वेग जाणवला, तर एक्झॉस्टमधला डीपीएफ फिल्टर स्वतःची काजळी जाळत असतो. बिघाड नाही, शक्य तर ते पूर्ण होईपर्यंत गाडी चालू ठेवा.

प्लास्टिक किंवा वायर जळल्याचा वास आला तर मात्र निदान करत बसू नका. बाहेरून बसवलेले हॉर्न, जास्त वॅटचे दिवे, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी ही नेहमीची कारणं. गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे बाहेर आणि गाडीपासून लांब. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते पूर्ण उघडू नका. हवा मिळताच आग भडकते. ११२ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. एखाद्या वायरची दुरुस्ती पाचशे-हजारात होते, अख्खं हार्नेस बदलायचं तर २० हजारांच्या पुढे. एक किलोचं ड्राय पावडर अग्निशामक साधारण हजाराच्या आत मिळतं. ते डिकीत न ठेवता सीटखाली, हाताशी ठेवा.

विम्यात आग आणि गाडीने आपोआप पेट घेणं हे पॅकेज पॉलिसीत येतं, फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही. क्लच, ब्रेक पॅडची झीज कुठल्याही पॉलिसीत धरत नाहीत. रबर-प्लास्टिकच्या भागांवर झीरो डेप्रिसिएशन नसेल तर ५० टक्के घसारा कापला जातो.

काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लेखी घ्या, काढलेले जुने भाग परत मागा. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, २८ लावलेला दिसला तर बिल बदलून घ्या. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.