प्रकाशाची अक्षरे

तलासरी हा पालघर जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेवरचा तालुका. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथूनच गुजरातेत प्रवेश करतो. या मार्गावर रात्रंदिवस वाहनांची रीघ लागलेली असते आणि अंधार पडताच वाटेवरील पाट्या नाना रंगांनी झळकू लागतात. मोटारी व प्रकाशाच्या पाट्या यांचे नाते फार जुने आहे.

इ. स. १८९८ मध्ये लंडन येथे विल्यम रॅम्झी व मॉरिस ट्रॅव्हर्स या शास्त्रज्ञांनी हवेतून एक नवा वायू वेगळा काढला. ‘नवा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ‘निऑन’ पडले. पुढे १९१० मध्ये पॅरिसला मोटारींचे प्रदर्शन भरले, तेव्हा जॉर्ज क्लोद यांनी तेथे निऑनच्या नळ्या प्रथमच लोकांपुढे उजळून दाखविल्या. त्यानंतर दुकानांवर आणि चित्रपटगृहांवर निऑनची अक्षरे चमकू लागली.

ही अक्षरे हातानेच घडवावी लागतात. कारागीर काचेची नळी ज्योतीवर तापवितो व ती मऊ होताच तिला अक्षराचे वळण देतो. नळी आत चेपू नये म्हणून तो तीत हळूच फुंकर घालतो. क्षणभर हात चुकला, की अक्षर बिघडलेच! मग नळीतील हवा काढून तीत थोडासा निऑन भरतात. उच्च दाबाची वीज सोडताच नारिंगी-तांबडा प्रकाश फाकतो. आज एलईडी दिव्यांनी निऑनची जागा बहुतेक घेतली आहे, कारण त्यांना वीज कमी लागते. म्हणूनच एखादी जुनी निऑनची पाटी दिसली, की रसिकांचे पाय थबकतात.

जुन्या मोटारींविषयीही लोकांना अशीच ओढ वाटते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील ‘पद्मिनी’ ही मोटार काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईची ओळख बनली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. ती संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून नाहीशी झाली. अनेकांना हळहळ वाटली. आता तिचे भाड्याचे मीटर आणि नावाच्या पट्ट्या हौशी लोक जपून ठेवतात.

मग जुने ते सारेच राखावे काय? जुनी वाहने धूर ओकतात. चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेला डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून घोषित केला. तेथील झाडांवर काजळी बसावी, असे कोणाला वाटेल? म्हणून जुन्या गाडीने रस्ता सोडावा, हेच योग्य. मात्र ती घडविणारी व दुरुस्त करणारी विद्या लोप पावू नये.

याचे उत्तम उदाहरण याच भूमीत सापडते. लग्नप्रसंगी वारली स्त्रिया कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढीत. भिंत सारवली, की जुने चित्र पुसले जाई. परंतु कला पुसली गेली नाही, कारण हात हाताला शिकवीत राहिला. तलासरी तालुक्यात जन्मलेले व डहाणू तालुक्यात राहिलेले जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगभर पोहोचविली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. निऑनची नळी वाकविणाऱ्याला मात्र शिष्य मिळाला नाही, तर फुटलेले अक्षर पुन्हा कोण उजळणार? वस्तू कपाटात ठेवता येते. कौशल्य मात्र माणसाच्या हातातच टिकते.

शब्दार्थ
रीघ – सतत चाललेली रांग. थबकणे – एकाएकी थांबणे. कूड – काटक्यांची मातीने लिंपलेली भिंत. लोप पावणे – नाहीसे होणे.

स्वाध्याय
१. निऑनचे अक्षर कसे तयार होते, ते क्रमाने लिहा.
२. चित्र पुसले, तरी वारली कला का टिकली?
३. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटून त्याच्या कामाची माहिती लिहा.