पाण्यामागे जाऊ नका, आणि अशा लीडरमागे तर मुळीच नको

"काकूंमुळे बाकीच्यांचा मूड जातो," असं कारण देऊन मला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढण्यात आलं. काढणारा तोच, ज्याने पंचेचाळीस माणसं भर अंधारात एका कड्याच्या तोंडावर नेऊन उभी केली होती. मी सह्याद्रीत हिंडायला लागले तेव्हा या मुलाचा जन्मही झाला नसावा. असो. नाव घेत नाही. पण जे झालं ते सांगणार, कारण पुढच्या रविवारी तो पुन्हा पैसे गोळा करून कुणाला तरी घेऊन जाणारच आहे.

बेत साधा होता. सकाळी गाडीने भीमाशंकर, दर्शन, जेवण, मग जंगलातून गणेश घाटाने खाली खांडसला. पावसाळ्यात शिडी घाट नको, एवढी अक्कल त्याला होती, हे कबूल करते. निघायचं ठरलं होतं एक वाजता. रांग, जेवण आणि त्यानंतर नागफणीवरच्या रील्स यांत चार वाजून गेले. मी म्हटलं, "अरे, उशीर होतोय." तो म्हणाला, "काकू, दोन तासांत खाली. उतारच तर आहे!"

इथेच थोडा हिशेब सांगते, कारण तो फुकट आहे आणि जीव वाचवतो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक आडाखा दिला: दर 5 किलोमीटर चालीला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. हा सरावलेल्या माणसाचा वेग. नवख्यांचा मोठा घोळका असेल तर मी त्याच्या दीडपट वेळ धरते, आणि ओल्या, निसरड्या उतरणीला चढाएवढाच वेळ देते. या हिशेबाने आम्हाला चार तासांहून जास्त लागणार होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, आणि धुकं भरलेल्या दाट झाडीत त्याच्या कितीतरी आधी काळोख होतो. म्हणजे अंधार गाठणार हे चार वाजताच ठरलं होतं.

त्यात वाटभर ब्लूटूथ स्पीकर. हे अभयारण्य शेकरूसाठी राखलेलं, शेकरू हा आपला राज्यप्राणी. उंच झाडांच्या शेंड्यांत काटक्यांची मोठी घरटी दिसतात, आणि जरा गप्प उभं राहिलं तर त्याची खरखरीत ओरड ऐकू येते. आमच्यापैकी एकालाही शेकरू दिसला नाही.

मग एक फाटा आला. मळलेली वाट डावीकडे झाडीत शिरत होती आणि सरळ खाली एक ओढा उतरत होता. ओढ्याकाठी जरा मोकळं होतं, म्हणून पुढची पोरं तिकडे वळली. मी ओरडले, "ही वाट नाही, ओढा आहे." लीडर हसला. "काकू, घाबरू नका. पाणी खालीच जातं ना? मग आपणही खालीच जाणार!" सगळे हसले. बाकीच्यांना सोडून एकटीने दुसरीकडे जायचं नसतं, म्हणून मी मागोमाग उतरले.

आणि मग तो क्षण. आधी मला आवाजातला फरक कळला. इतका वेळ पायाशी खळखळणारं पाणी पुढे एकदम गप्प झालं आणि त्याचा धबधब आवाज कुठून तरी फार खोलवरून यायला लागला. टॉर्च पुढे मारला तर समोरच्या झाडांचे शेंडे माझ्या पावलांच्या पातळीवर होते. बुंधे दिसतच नव्हते. मी "थांबा!" असं किंचाळले, तेव्हा सर्वांत पुढचा मुलगा काठापासून दोन पावलांवर होता. लीडरचं वाक्य काय असावं? "ॲडव्हेंचर हवं होतं ना सगळ्यांना?"

हे असं का होतं ते समजून घ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा उतार होतो, आणि मध्येच सपाट पदर लागतो. कोकणात उतरणारा ओढा प्रत्येक कठीण थरावरून उडी मारतो. माणसांच्या वाटा सोंडेने उतरतात, नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या ठरावीक नाळेने.

चुकल्याची शंका आली की शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत जायचं, कितीही जिवावर आलं तरी. आणि जे परत चढता येणार नाही, ते उतरायचं नाही. आम्ही ओढा चढून परत आलो. पंचेचाळीस जणांत टॉर्च होते सात. बाकी मोबाइल, तेही रील्स काढून अर्धमेले. मी शिटी वाजवत राहिले. मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा; ही मदतीची जगभरची खूण आहे. लीडरला ती ठाऊक नव्हती. "काकू, डोकं दुखतंय लोकांचं," म्हणाला.

वाट बघताना मी सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावले, बॅटरी वाचावी म्हणून. डोळे अंधाराला सरावले तेव्हा बाजूचं कुजलेलं खोड हिरवट उजळलेलं दिसलं. भीमाशंकरच्या जंगलात भर पावसाळ्यात ही चमकणारी बुरशी दिसते. ती पाहायची तर मिट्ट काळोख हवा आणि धीर हवा. पुढच्या आठवड्यात याच बुरशीची जाहिरात "आमच्या नाइट ट्रेकचं खास आकर्षण" म्हणून आली. नाइट ट्रेक!

शिटी ऐकून पदरावरच्या वाडीतले एक मामा कंदील घेऊन वर आले. त्यांनी ओढ्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाण्यामागं जाऊ नये, बाई. ते उडी मारतं, आपल्याला येत नाय." रात्री उशिरा त्यांनी आम्हाला खांडसला पोचवलं. त्यांना पैसे आम्ही आपसांत वर्गणी काढून दिले. लीडर तेव्हा बसवाल्याशी जादा भाड्यावरून भांडत होता.

आता ऐका. पायात पकड असलेले बूट, पुरेसं पाणी, घरी कळवणं, हे सगळे सांगतात, मीही सांगते. त्याशिवाय टॉर्च प्रत्येकाकडे स्वतःचा हवा, मोबाइल धरू नका. नकाशा घरूनच उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा. रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. ढोरवाट ओळखायला शिका: गुरं चरत जातात, त्यामुळे त्यांच्या वाटा फुटत फुटत झाडीत विरतात, माणसांच्या वाटेवरचे दगड झिजून गुळगुळीत झालेले असतात. गावातला वाटाड्या घ्या आणि घासाघीस न करता त्याची मजुरी द्या. अडकलात तर 112 लावा.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न तीनच. साहसी पर्यटनासाठी राज्याचं 2021 चं धोरण आहे, त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का? सर्वांत शेवटी कोण चालणार? आणि किती वाजेपर्यंत निघालो नाही तर उतरण रद्द करणार? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला, तर फोन ठेवा. माझा लीडर हसला असता, हे आता मी शपथेवर सांगते. भरलेले पैसे अजून परत आलेले नाहीत.