अधिवेशनाला जायचंय, पण कोणाच्या वतीने?

प्रश्न : मी इंदूरच्या सराफ्यात राहतो, वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. वादकांच्या कामगार संघटनेच्या अधिवेशनात मला भाग घेता येईल का?

उत्तर : निमंत्रण मिळालं तर ऐकायला बसता येईल. मत मात्र सहसा प्रतिनिधीलाच असतं आणि प्रतिनिधी संघटना निवडते. तुमची नसेल तर आधी ती काढा. नोंदणीच्या अर्जाला किमान सात सभासद लागतात. तेवढे तर एका बँडमध्येच सापडतील. खरी अडचण पुढची : उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यातला जो आकडा कमी, तेवढे सभासद हवेत. म्हणजे शेजारच्या बँडशी स्पर्धा विसरून बोलावं लागेल! मुंबईत सिने म्युझिशियन्स असोसिएशनने वादकांचे दर असेच एकजुटीने ठरवून घेतले. अधिवेशनाला जाताना मागण्या लेखी न्या : बयाणा, रात्रीचा जादा मेहनताना, परतीचं भाडं.